मीठ-बर्फातली बाटली

गफूरभाईला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. आणि आमच्या गल्लीत आता तो एक उद्योगच होऊन बसला आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या माठापुढे उभं राहून कुल्फीच्या काड्या चाटल्या, तेच आता पानपट्टीवर माना हलवत म्हणतात, "शिकेल नही, मंग शहाणपणा कसाले करा?" यांतल्या एकालाही काय झालं ते नीट ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी दगा मिस्तरी. माझं फ्रिज आणि कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गफूरभाईची कुल्फीची गाडी माझ्या ओट्याला टेकून उभी असायची.

आमचं दोघांचं भांडण जुनं. धंदा एकच, थंडाव्याचा. माझा विजेवर चालतो, त्याचा बर्फावर. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की गल्लीतल्या बाया माझ्या नावाने शंख करायच्या, आणि गफूरभाई गाडीवरून मला ऐकू जाईल असा हसायचा.

"दगा, तुन्हा फ्रिज लाइट गई की मरी जास. मन्हा बर्फले लाइट लागत नही."

"कितला डिग्री शे तुन्हा बर्फ, सांग बरं," मी विचारायचो.

"हात घालीसन देख. रडशी."

एकदा पैजेवर मी हात घातला होता. रडलो नाही, पण बोटं काढून काखेत धरून उभा राहिलो, आणि ती गोष्ट त्याने पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. नुसत्या बर्फाने माणसाचं असं होत नाही. त्याच्या माठात बर्फाबरोबर खडेमीठ असायचं. बर्फात मीठ गेलं की तो वितळता वितळता आणखी गार होतो, साध्या बर्फाच्या कितीतरी खाली जातो. दूध आटवून पत्र्याच्या साच्यांत भरायचं, झाकणाच्या कडेने मळलेली कणीक लावून साचा बंद करायचा, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. मग साचे माठात, वर बर्फाचा चुरा, मीठ, वर गोणपाट, आणि माठ हलवत राहायचा. त्याचा बाप हेच करायचा, आजोबाही. मिठाने त्याच्या तळहातांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती आणि दाढी मेंदीने लाल होती. दुरून कोणी पाहिलं तर हातांत मोजे घातलेत असं वाटायचं.

माणूस गरीब गाय वगैरे नव्हता. चांगला ताठ होता. थंडीतलं कोणी त्याला शिकवायला गेलं की तो तोंड फिरवून उभा राहायचा. नवापूरला एका पोल्ट्रीवाल्याच्या लग्नात सुरतेहून आइस्क्रीमची गाडी आली होती, मोठी, फ्रीजरवाली. गाडी बंद पडली, आइस्क्रीमचं सरबत झालं, आणि गफूरभाईच्या कुल्फ्या संध्याकाळपर्यंत दगडासारख्या उभ्या. हा किस्सा त्याने मला इतक्यांदा ऐकवला की शेवटी त्या गाडीच्या बिचाऱ्या ड्रायव्हरची मला दया यायला लागली. अक्कलकुव्याच्या बाजाराला, धानोऱ्याच्या लग्नांना, कुठेही न्या, त्याची कुल्फी पातळ झालेली कोणी पाहिली नाही. एवढ्याच गोष्टीवर त्या माणसाने स्वतःची किंमत ठरवली होती, आणि खोटं कशाला बोलू, ती किंमत खरीच होती.

त्याची बायको अकिलाभाभी धानोऱ्याची. घरात ती नवऱ्याशी आणि मुलाशी त्यांच्या उर्दूत बोलायची आणि ओट्यावर आली की माझ्याशी आमच्या अहिराणीत. दूध तीच आटवायची. दूध कधी उतरवायचं हे गफूरभाईला आयुष्यात कळलं नाही. तो मध्येच चमचा घालून चाखायला जायचा आणि ती कालथ्याने त्याच्या हातावर मारायची. "थंडं तू कर, गरम मन्हं काम शे," म्हणायची. मुलगा जावेद सुरतेला कापड मार्केटमध्ये लागला होता. घरात दोघंच. भांडणं चालू असायची, पण जेवायला एकमेकांची वाट पाहायची.

तिच्या जबड्याखाली गाठ आली तेव्हा ती बोराएवढी होती. आमच्याकडे मानेला गाठ म्हणजे टीबी, हे दवाखान्यातल्या शिपायापासून सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यासाठी तपासायची गरज कोणाला वाटत नाही. गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने तिने त्या इमानदारीने घेतल्या, लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, आणि आटवलेल्या दुधाचा वास तिला सोसेना. गाठ मात्र लिंबाएवढी झाली आणि काखेत दुसरी निघाली. तेव्हा कुठे एका डॉक्टरने नुसतं सुईने पाणी काढून न पाहता गाठीचा तुकडाच काढायला सांगितला, आणि तुकडा आमच्या इथल्या एका खासगी लॅबमध्ये गेला.

या लॅबवाल्या डॉक्टरांना मी ओळखत होतो. त्यांचा एसी दर उन्हाळ्यात मीच उघडायचो. गोड बोलणारा माणूस, सगळ्यांना "भाऊ, दादा" करणारा. आपल्या गावात सगळ्या तपासण्या झाल्या पाहिजेत, लोकांनी मुंबईला का पळावं, असं ते नेहमी म्हणायचे, आणि ऐकायला ते फार बरं वाटायचं. तुकडा पाहून त्यांनी सांगितलं की टीबी नाही, लिम्फोमा आहे, गाठींचा कॅन्सर. गफूरभाई खुर्चीवर बसलेला उठून उभा राहिला आणि परत बसला. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि गफूरभाईने ते मला शब्द न् शब्द सांगितलं, कारण त्या दिवसापासून तो तेच घोकत होता.

"गफूरभाई, बरा होणारा कॅन्सर आहे हा, घाबरू नका. फक्त एक पाहायचं राहिलंय. या पेशींच्या अंगावर एक खूण असते. सगळ्यांच्या नसते, काहींच्या असते. सीडी-ट्वेंटी म्हणतात तिला. ती शोधायला एक बाटली मिळते, तिच्यात अँटीबॉडी असते. कोरोनात ऐकलं होतं ना? तीच जात. गाठीच्या पातळ कापावर टाकली की ती फक्त त्या खुणेला जाऊन चिकटते. मग आपण रंग सोडतो. चिकटली असेल तिथे तपकिरी दिसतं. तपकिरी दिसलं, तर भाभींना एक इंजेक्शन द्यायचं, ते नेमकं त्याच खुणेवर जाऊन बसतं. आजार निम्म्याहून जास्त तिथेच वाकतो. नाही दिसलं, तर ते इंजेक्शन म्हणजे पाणी."

अकिलाभाभीचा जीव या एका प्रश्नावर येऊन थांबला होता. तपकिरी दिसतं की नाही.

काप मुंबईला पाठवून तिथे पाहणं हा सरळ रस्ता होता. त्याला वेळ लागणार होता. डॉक्टर म्हणाले, कशाला? मी इथेच करतो. सुरतेच्या एका माणसाकडे संशोधनवाल्या लॅबसाठी आलेली बाटली आहे, ती मागवू. अडचण एवढीच होती की सुरतेहून नंदुरबारला येणारा कुरियरवाला थंडीतला माल घेत नव्हता. मे महिना. बाहेर पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन.

"थंडीचंच तर अडलंय," डॉक्टर म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, गफूर कुल्फीवाल्यापुढे हे वाक्य बोलल्यावर काय होणार?

"साहेब, ते मन्हावर सोडा," तो म्हणाला. "बाटली मी लई येस."

डॉक्टर खूश झाले. सुरतेच्या माणसाला फोन केला आणि गफूरभाईला एकच सूचना दिली: "थंड ठेवायची. गरम झाली की संपली." याच्यापुढे दुसरं एक वाक्य असतं, आणि ते त्या बाटलीच्या खोक्यावर छापलेलं असतं: गोठू देऊ नका. इंग्रजीत छापलेलं असतं. गफूरभाईला उर्दू वाचता यायचं, मराठी जेमतेम. डॉक्टरांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण ते वाक्य त्यांना बोलावंसं वाटलं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की हा माणूस थर्माकोलच्या डब्यातून बाटली आणेल, त्यात गोठायचा प्रश्न कुठे येतो.

मी त्या दिवसांत अक्कलकुव्याला दूध डेअरीच्या कूलरचं काम करत होतो. परत आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी इथे असतो आणि मला ठाऊक असतं, तरी त्याने माझं ऐकलं असतं याची मला खात्री नाही. थंडीतलं माझं त्याने कधीच ऐकलं नव्हतं.

तो सुरतेला गेला तो रिकाम्या हाताने नाही. पत्र्याचा डबा, गोणपाट, खडेमिठाची पिशवी, एक कुल्फीचा साचा आणि फडक्यात बांधलेली कणीक. कणीक अकिलाभाभीने मळून दिली होती. सुरतेच्या माणसाने बाटली थर्माकोलच्या डब्यात, निळ्या जेलच्या पुड्यांमध्ये ठेवून दिली. गफूरभाईने पुडी दाबून पाहिली. मऊ लागली. जी पुडी बोटाने दबते ती नंदुरबारपर्यंत काय टिकणार, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. स्टेशनवर जावेद भेटायला आला होता. बापाने त्याला बर्फाची लादी आणायला पिटाळलं. लादी जावेदने फोडली, चुरा जावेदने केला. गफूरभाईने बाटली साच्यात घातली, झाकण लावलं, कडेने कणीक लिंपली, साचा डब्यात उभा केला, भोवती बर्फ, मीठ, बर्फ, मीठ, वर गोणपाट. आयुष्यात त्याने हजारो साचे भरले असतील. इतक्या काळजीने एकही भरला नसेल.

गाडी नवापूरच्या अलीकडे सिग्नलला बराच वेळ उभी राहिली. रेल्वेच्या डब्यात माणसं घामाने निथळत होती. एका बाईने विचारलं, "काय शे डबामा, चाचा?" तो म्हणाला, "मन्ही बायकोनी दवा." आणि डब्यावर स्वतःच्या अंगाची सावली करून बसून राहिला. हे सांगताना तो हसला होता. त्याला त्या प्रवासाचा अभिमान वाटत होता, आणि तो मला दिसत होता.

लॅबमध्ये डॉक्टरांनी गोणपाट उचललं, वाफ वर आली, आणि ते म्हणाले, "वा गफूरभाई! याला म्हणतात थंड." पाठीवर थाप मारली. त्यानंतर आत काय झालं ते गफूरभाईला ठाऊक नव्हतं. मला ते बऱ्याच उशिरा कळलं, तिथे काम करणाऱ्या गायत्रीकडून. लॅब सोडायचं ठरवून झाल्यावर तिने सांगितलं. आधी सांगितलं नाही म्हणून मी तिला दोष देणार नाही, दोन्ही लहान भावांची शिक्षणं तिच्यावर होती.

कणीक खरवडून तिने साचा उघडला तर बाटली गच्च गोठलेली. ती म्हणाली, "सर, गोठलीय." डॉक्टरांनी बाटली घेतली, तळहातात धरून चोळली आणि म्हणाले, "वितळेल." वितळली. पाण्यासारखीच दिसली. गोठून वितळलेल्या अँटीबॉडीची पकड जाऊ शकते, हे त्यांच्या पुस्तकात पहिल्याच पानांत असतं म्हणे. बरं, हेही सोडा. असं काही झालंय का हे पाहायची एक सोपी रीत असते. ज्या तुकड्यात ती खूण असतेच असते, टॉन्सिलचा तुकडा, त्याचा काप दुसऱ्या काचेवर घेऊन ती काच रोग्याच्या काचेबरोबर लावायची. त्या काचेवर तपकिरी आलं तर बाटली चांगली. नाही आलं तर बाटली बाद, तपासणी बाद. गायत्रीने विचारलंही, "टॉन्सिलची काच लावू का, सर?" डॉक्टर म्हणाले, "एवढीशी बाटली आहे. दोन काचा कशाला?"

आणि त्या बाटलीवर मुळातच लिहिलेलं होतं: फक्त संशोधनासाठी, रोग्याच्या निदानासाठी नाही. म्हणजे तपासणारा स्वतः ती आधी पारखून घेणार असं धरून ती विकलेली. पारखायचं तेवढंच राहिलं.

काचेवर तपकिरी काही आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "नाही निघालं, गफूरभाई."

तो धावत गल्लीत आला. "नही निंघनं, मिस्तरी! नही निंघनं!" मी त्याच दिवशी अक्कलकुव्याहून आलेला. डॉक्टरांचे शब्द पाठ होते, पण त्याला वाटलं, खूण नाही म्हणजे निम्मा आजार नाही. त्याने गाडी लावली आणि येईल त्याला कुल्फी फुकट दिली. मीही खाल्ली. खूण नाही म्हणजे नेमकं काय, हे त्याला मग डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा समजावलं, आणि गाडी दुपारीच आत गेली.

नाशिकला उपचार सुरू झाले. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या लोकांनी कागद पाहिला, कागदावर लिहिलं होतं खूण नाही, म्हणून ते इंजेक्शन सोडून बाकीची औषधं दिली. कापही आणून दाखवा असं कोणी म्हटलं नाही. गर्दी असते, मान्य आहे. पण गर्दीचं कारण सांगून सगळ्यांचीच सुटका होत असेल, तर मग नेमकी एका कुल्फीवाल्याचीच का होत नाही, हे मला कोणीतरी सांगावं.

केस गेले, उलट्या झाल्या, आणि गाठी बसल्या. दिवाळीच्या सुमाराला ती ओट्यावर येऊन बसायला लागली. दुधाची कढई पुन्हा चुलीवर चढली. मला वाटलं, संपलं. थंडी सरली, आणि गाठी परत आल्या, या वेळी पोटातही.

नाशिकच्या त्या फेरीला मी बरोबर गेलो, जावेदला सुटी मिळाली नव्हती. हॉस्पिटलने नवी गाठ काढून स्वतः तपासली आणि जुना कापही मागवून त्यांच्या बाटलीने पाहिला. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले आणि कपाळाला हात लावला.

"हा पहिला काप पूर्ण तपकिरी आहे," त्या म्हणाल्या. "खूण पहिल्यापासून होती. भरपूर होती. तिकडे निगेटिव्ह कसं आलं? बाटली कुठली होती, कशी आणली होती, काही माहीत आहे?"

गफूरभाई खुर्चीत सरळ झाला. त्याला वाटलं, आपली साक्ष काढताहेत. बाटली बिघडली असेल तर वाटेत बिघडली नाही हे तरी आपण छातीठोक सांगू शकतो. त्याने सगळं सांगितलं, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत, अगदी जीव लावून. जेलच्या पुड्या कशा मऊ होत्या. लादी कुठून आणली. मीठ घरचं, खड्याचं. कणीक कशी लावली, पाण्याचा थेंब आत गेला नाही. "बाई, नंदुरबारले उतरनू तवय बर्फ जसाना तसा. मन्हा साचामा बाटली दगडनी गत कडकच ऱ्हास. गरम हवा लागू दिधी नही मी."

बाईंचं पेन थांबलं.

"दगडासारखी?" त्यांनी विचारलं. "गोठली होती?"

"मंग!" गफूरभाई म्हणाला. "एकदम कडक."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघायला लागलो. मला तेव्हा अँटीबॉडीतलं काही कळत नव्हतं, पण फ्रिजवाल्याला एवढं कळतं की काही औषधांचा कप्पा वेगळा असतो आणि तो बर्फाच्या कप्प्यापासून लांब असतो. बाईंनी मग त्याला हळू आवाजात सांगितलं. ती गोष्ट कितीही हळू सांगितली तरी काय फरक पडणार होता. तो दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून ऐकत राहिला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "त्या साहेबनी तर शाबासकी दिधी व्हती."

बाई म्हणाल्या, ते इंजेक्शन आता देऊ, पण पहिल्या वेळी दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता शरीर थकलंय आणि आजार शिकलाय.

परतीच्या एसटीत अकिलाभाभी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तिला बाहेर बसवलं होतं, तिने काही ऐकलं नव्हतं. पण असल्या गोष्टी घरात लपत नाहीत. जावेद आला, त्याला कळलं, आणि त्याने भर ओट्यावर बापाला म्हटलं, "अम्मी को तुमने मारा, अब्बा." गल्ली ऐकत होती. आतून अकिलाभाभीचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ: "बरफ तो तूने ही फोडा था." जावेद चपला न घालताच बाहेर निघून गेला. ती नवऱ्याची बाजू घेत होती असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटतं, ती कोणाचीच बाजू घेत नव्हती. मरायचं तिला होतं, आणि हे दोघे दोष वाटून घेत बसले होते.

गफूरभाईची गाडी उभी राहिली ती राहिलीच. माठ अंगणात पालथा पडला. गल्लीने मग ठरवून टाकलं: अडाणी माणसाने बायको मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. गायत्रीने मला आतली हकिगत सांगितली तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी गफूरभाईकडे गेलो आणि म्हणालो, चल, त्या डॉक्टरला चार लोकांत विचारू. काच का लावली नाही? गोठलेली दिसली तेव्हा फोन का केला नाही? तक्रार करू, वर्तमानपत्रात देऊ.

त्याने सगळं ऐकून घेतलं. टॉन्सिलच्या काचेचं त्याने मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बर्फ मन्हा व्हता, दगा."

"अरे पण तो शिकेल शे!"

"परवा तिन्हं रगत तठेच द्यानं शे," तो म्हणाला. "दर वखत तठेच द्यानं शे. तू माले कोनजोडे भांडाले सांगी ऱ्हायना?"

पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त तपासून नेलं नाही तर नाशिकवाले परत पाठवतात, आणि ती मशीन आमच्या भागात त्या एका लॅबमध्येच होती. मी तावातावाने म्हणालो, मग मी एकटा बोलतो. तो म्हणाला, तू फक्त रिक्षा आण.

रिक्षा मीच आणली. अकिलाभाभी स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली ती त्या दिवशी शेवटची. त्यानंतर ती बाहेर आली ती चौघांच्या खांद्यावर. लॅबमध्ये तिला खुर्चीवर बसवलं, गायत्रीने बाही वर केली आणि शीर शोधायला लागली. शीर सापडत नव्हती. डॉक्टर आतून आले. त्यांना नाशिकचं कळलेलं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गफूरभाई माझ्या पुढे झाला. त्याने डोक्यावरची टोपी नीट केली आणि ते भेगाळलेले पांढरे हात जोडले.

"साहेब," तो म्हणाला, शाळेत म्हणतात तशा मराठीत, घरून पाठ करून आल्यासारखं, "तुमची बाटली माझ्या हातून खराब झाली. मला माफ करा."

मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, नाही गफूरभाई, पाहायचं काम माझं होतं. दुसरी काच मी लावली नाही. एवढंच म्हणायचं होतं. चार भिंतींच्या आत, आम्ही तिघं आणि गायत्री, बाहेर कोणाला कळलं नसतं.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या, गफूरभाई," ते म्हणाले. "मी मनात काही ठेवलेलं नाही. अजाणता होतं असं माणसाकडून. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

गफूरभाईने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, त्यात उपकाराची भावना होती. तेव्हा मला त्याचाच गळा धरावासा वाटला.

सुई शिरेत गेली होती. अकिलाभाभी आपल्या हाताकडे बघत होती, नळीत चढणाऱ्या रक्ताकडे. तिने मान वर केली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "त्यानी तुमनी माफी मांगी. तुमीन दिधी. आते मन्ही कोन मांगी?"

गायत्रीने सुई काढली, कापूस दाबला आणि त्याच्यावर बोट धरून तशीच उभी राहिली. गफूरभाई भिंतीकडे वळला. डॉक्टरांनी खिशातला फोन काढून पाहिला, परत ठेवला.

"रिपोर्ट संध्याकाळी मिळेल," ते म्हणाले.